अकरावी अट

आमच्या शेजारचे बिराजदार मास्तर टीव्ही बघत नाहीत. ते टीव्ही घेतात आणि सोडतात.

म्हणजे असं. संध्याकाळी सातला दहा कमी असताना ते पांढरा शर्ट घालतात, गळ्यापर्यंत बटणं लावतात आणि टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीत ताठ बसतात. मांडीवर लांब वही, मनगटावर भिंतीच्या घड्याळाशी सेकंदासकट जुळवलेलं घड्याळ. सातची मालिका सुरू झाली की वहीत लिहितात, 'आगमन ७.०२, दोन मिनिटे लेट.' संपली की 'प्रस्थान ७.३२.' शेवटच्या रकान्यात शेरा: 'मालगाड्या तीन.' मालगाड्या म्हणजे मधल्या जाहिराती. मालिकेत कोणी कोणाच्या दुधात विष कालवलं, कोणाचा नवरा कोणाच्या लग्नात सापडला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. मी एकदा सहज विचारलं, "मास्तर, त्या धाकट्या सुनेचं काय झालं हो शेवटी?"

"गेली की," मास्तर म्हणाले. "एकच मिनिट लेट."

मास्तर म्हटल्यावर नवख्या माणसाला शाळा आठवते. हे शाळेचे नव्हेत, स्टेशनचे. उभी नोकरी रेल्वेत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं होटगीला. निवृत्त होऊन तप झालं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. आमच्या दारात आले की उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारतात, "लाईन क्लिअर हाय का?" पुढच्या स्टेशनानं 'येऊ द्या' म्हटल्याशिवाय मागच्या स्टेशनानं गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा नियम. मास्तर तो स्वतःलाही लावतात. आमच्या हिनं एकदा फरशी पुसत असताना आतून गमतीनं सांगितलं, "दहा मिनिटं सिग्नलला थांबा मास्तर!" तर हा माणूस एप्रिलच्या उन्हात फाटकापाशी घड्याळ बघत खरोखर दहा मिनिटं उभा राहिला. जुळे सोलापुरातलं एप्रिलचं ऊन म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तेव्हापासून ही कितीही ओली फरशी असली तरी "क्लिअर आहे, या" म्हणते आणि नंतर पायांचे ठसे माझ्याकडून पुसून घेते.

मी तंत्रनिकेतनात नोकरीला आहे. तिथल्या प्रवेश विभागात अर्ज तपासतो. कोणाच्या दाखल्यावर शिक्का नाही, कोणाचा फोटो उलटा चिकटवलाय, एवढंच माझं तंत्रज्ञान. पण मास्तरांच्या हिशेबी तंत्रनिकेतनातला माणूस म्हणजे इलेक्ट्रॉनिकवाला. एकदा त्यांच्या रिमोटमधले सेल मी सरळ करून बसवले आणि तो चालू झाला, त्या दिवसापासून माझी सुटका नाही. "साहेब, काय करलालाव? जरा येता का, बॉक्स बोलंना झालाय," अशी हाक कंपाउंडच्या भिंतीवरून आली की आमची ही मला भाजी निवडण्यातून मोकळं करते.

हा बॉक्स म्हणजे केबलवाल्याचा जुना सेट टॉप बॉक्स. त्यात कार्यक्रम रेकॉर्ड करायची सोय आहे. मास्तर रोज सातची मालिका त्यात साठवतात, आणि साठवलेल्या मालिकांच्या त्या साठ्याला 'यार्ड' म्हणतात. बॉक्सला वेळ लावून द्यावी लागते. मास्तरांनी ती सात ते साडेसात अशी लावली होती. मालिका सुटायची दोन मिनिटं उशिरा, त्यामुळे रोज शेवटची दोन मिनिटं कापली जायची, आणि सगळी गंमत तर त्या दोन मिनिटांतच असते. मी म्हटलं, "मास्तर, सात पस्तीसपर्यंत लावून टाका की."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रूळ उखडायला सांगतोय. "वेळापत्रक कुणी पाळायचं साहेब? गाडीनं का फलाटानं?" आणि त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं. 'महोदय, आपली सात वाजताची मालिका सातत्याने विलंबाने सुटत असून त्याबाबत कोणतीही पूर्वसूचना देण्यात येत नाही.' उत्तर आलं नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही आलं नाही, तेव्हा मग मुकाट्यानं वेळ सात पस्तीस केली आणि वहीत 'नाइलाजाने' असा शेरा मारला.

मालिका त्यांना बघायची नव्हती, तर एवढी उठाठेव कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्यासाठी महादेवी अक्का सांगायला हव्यात.

अक्का म्हणजे मास्तरांच्या पत्नी. माहेर अक्कलकोटकडचं. घरात दोघांचं बोलणं कानडी, दाराबाहेर मराठी, आणि भांडण दोन्हीत. मास्तरांची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. त्यामुळे आख्ख्या नोकरीत या माणसानं एकही मालिका सलग पाहिली नाही. सिनेमा लागला तर मध्यंतराला डबा घेऊन निघायचं. शेवट कायम अक्कांकडून कळायचा. मास्तर घरी यायचे, पाय धुवायचे, ताटावर बसायचे आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी विचारायचे, "मुंद एनात?" म्हणजे, पुढं काय झालं? मग अक्का वाढता वाढता सगळी मालिका सांगायच्या, सासूच्या आवाजासकट. आमच्या दोन घरांत एकच भिंत असल्यामुळे पुष्कळ मालिका आम्हीही न बघता ऐकल्या. अक्कांच्या तोंडून त्या जास्त चांगल्या वाटायच्या.

त्यात भारनियमनाचे दिवस आले. ऐन रंगात लाईट जायची. आता नवरा ताटावर बसून वाट बघतोय आणि सांगायला तर काही नाही. अक्का काय करणार? रचून सांगायच्या. एकदा त्यांनी भर लग्नात सासूला विंचू चावल्याचं सांगितलं. मास्तर हळहळले. दुसऱ्या दिवशी होटगीला त्यांनी सहकाऱ्यापाशी सासूची चौकशी केली, तर तो म्हणाला, कसला विंचू आणि काय, सासू ठणठणीत आहे. संध्याकाळी मास्तर घरात शिरले ते ओरडतच, "सुळ्ळ हेळब्याड!" म्हणजे, खोटं सांगू नकोस!

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "लाईट गेल्ती की. मग काय गोष्टीबिगर जेवू घालू व्हय तुमाला?"

पुढे तो दोघांचा खेळच झाला. लाईट असो नसो, अक्का रोज गोष्टीत एक थाप घालायच्या. मास्तरांनी ती ओळखायची. ओळखली की भिंतीपलीकडून "सुळ्ळ!" असा आवाज यायचा, पाठोपाठ दोघांचं हसणं. निवृत्तीनंतर मास्तर घरीच होते, मालिका स्वतः बघू शकत होते. पण सातला ते मुद्दाम पिशवी घेऊन फिरायला जायचे आणि आठला येऊन विचारायचे, "मुंद एनात?"

दोन वर्षांपूर्वी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. हातापायात पुष्कळ सुधारणा झाली, आता आधारानं उठून बसतात. बोलणं मात्र गेलं. समजतं सगळं, माणूस ओळखतात, डोळ्यांनी हसतात. तोंडातून शब्द निघत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "शब्द आत आहेत. तुम्ही बोलत राहा, त्यांना वेळ द्या. घाई करू नका."

त्या दवाखान्याच्या महिन्यांत मास्तरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. "तिचं राहायला नको," एवढंच म्हणाले. अक्का घरी आल्या तेव्हा यार्डात शंभरावर भाग उभे होते. मग रोज दुपारी चार वाजता त्यातला एक दोघं मिळून बघू लागले. संध्याकाळी एक नवा आत, दुपारी एक जुना बाहेर, त्यामुळे यार्ड कायम तेवढंच भरलेलं. मला वाटायचं, दु:खात माणूस कशात तरी जीव रमवतो, तसं हे चाललंय. रमू देत बिचारे. असं म्हणून मी वहीतल्या मालगाड्यांवर घरी येऊन हसायचो. आणि हिलाही हसवायचो.

अशात केबलवाल्याचा निरोप आला, जुने बॉक्स महिन्याच्या आत परत घेणार. नव्यात रेकॉर्डिंगची सोय नाही, आणि जुन्यातलं सगळं बॉक्सबरोबर जाणार. मास्तर कंपाउंडच्या भिंतीपाशी आले. 'लाईन क्लिअर'सुद्धा विचारलं नाही, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"साहेब, यार्ड उठवलालेत," ते म्हणाले. "तिच्या सगळ्या गाड्या जातील. दुसरी सोय पायजे. तुमी इलेक्ट्रॉनिकवाले, तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात रेघी कागद ठेवला. 'विषय: आदर्श घरगुती रेकॉर्डिंग यंत्रणेबाबत.' खाली अकरा अटी, सुवाच्य अक्षरात. यंत्रानं न विचारता रेकॉर्ड करावं. चार वाहिन्यांचं एकदम करावं, कारण "सिंगल लाईनीवर लई खोळंबा होतो." मालगाड्या बाजूच्या लूप लाईनीला उभ्या कराव्यात. रिमोटला चारपेक्षा जास्त बटणं नसावीत, आणि ती अंधारात बोटाला कळावीत. लाईट गेली तर आली की जिथं होतं तिथून पुढं चालावं. मे महिन्यात तापून बंद पडू नये. जुनं कधीही आपोआप पुसू नये. अशा करत करत शेवटची, अकरावी अट होती: 'थांब म्हटल्यावर थांबले पाहिजे. आपण सोडेपर्यंत हलता कामा नये.'

आम्ही नव्या पेठेत गेलो. पहिल्या दुकानदारानं कागद वाचला, मागे उलटवून पाहिला आणि म्हणाला, "काका, आता रेकॉर्डिंग कोण करतंय? सगळं मोबाईलवर येतंय की. पायजे तवा बघा."

"आन उद्या त्यांनी काढून टाकलं तर?"

"मग दुसरं बघायचं की."

"यार्ड दुसऱ्याचं, डबे दुसऱ्याचे, आन मी नुसता फलाटावर उभा," मास्तर म्हणाले. "न्हाय जमायचं."

दुकानदाराचं बोट अकराव्या अटीवर आलं. "आन हे काय? थांबतंय की आपल्या बॉक्सवर. पंधरा मिनिटं थांबतंय, मग आपोआप सुरू होतंय. पंधरा मिनिटांत चहा होतो, बाथरूम होतं. त्याच्यावर कुणाला पायजे?"

मास्तरांनी त्याच्या हातातून कागद घेतला, नीट चौघडी केली आणि खिशात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, खरंच मास्तर, पंधरा मिनिटांच्या वर कशाला लागतं? ते म्हणाले, "सिग्नल लाल असला की गाडीनं आपल्या मनानं सुटायचं नसतं, साहेब." मी मनात म्हटलं, घ्या, पुन्हा रेल्वे.

तिसऱ्या दुकानात आमचं नशीब उघडलं, किंवा फुटलं. मी म्हटलं, "घरगुती डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा पाहिजे." दुकानदार उठूनच उभा राहिला. "मग आदी सांगायचं की! लई हायेत." त्यानं एक काळा चपटा डबा काउंटरवर ठेवला. "कॅमेरे किती? चार का आठ?"

माझ्या लक्षात आलं. हा चोरांवर पाळत ठेवायचा डबा होता, बंगल्याच्या फाटकावर कॅमेरे लावतात त्याचा. मी मास्तरांची बाही ओढली. पण मास्तरांची उलटतपासणी सुरू झाली होती.

"हे दिवसरात्र रेकॉर्ड करतंय?"

"चोवीस तास."

"न इचारता?"

"न इचारता."

"चार ठिकाणचं एकदम?"

"एकदम की काका. आवाजासकट."

"साहेब, दोन अटी पास," मास्तर माझ्या कानात म्हणाले.

मी समजावलं. मास्तर, हे चोर पकडायचं यंत्र आहे. याला फक्त कॅमेरा जोडता येतो, केबल नाही. याच्यात मालिका शिरणार कुठून?

"कॅमेरा टीवीकडं तोंड करून लावायचा," मास्तर म्हणाले.

मी आणि दुकानदार एकमेकांकडे बघू लागलो. आधी दुकानदार सावरला, कारण त्याला धंदा करायचा होता. "काय डोकं चालतंय काकांचं!" म्हणाला. आणि उत्साहाच्या भरात पुढे बोलून गेला, "आन भरायची काळजी न्हाय. डबा भरला की जुनं पुसून त्यावरच नवं घेतंय."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "उभ्या गाडीवर दुसरी गाडी घेता?"

दुकानदाराला आपण कोणता अपघात केला ते कळेना. शेवटी मी आमच्या तंत्रनिकेतनातल्या खऱ्या इलेक्ट्रॉनिकवाल्या सरांना फोन लावला. ते बराच वेळ हसले, मग पुसणं कसं बंद करायचं ते सांगितलं. सगळ्यात मोठी डिस्क घालून घेतली, आणि आम्ही रिक्षात बसून विजापूर रोडनं घरी आलो. डबा मास्तरांच्या मांडीवर होता, लहान पोर धरावं तसा.

दारावरच्या चौकटीत, टीव्हीकडे तोंड करून, कॅमेरा बसला. खोलीत चोरी झाली असती तर चोर पाठमोरे दिसले असते. चित्र थोडं तिरकं आलं. ट्यूबलाईटचा पट्टा पडद्यावर पडायचा, म्हणून सातला मास्तरांकडे अंधार. एक पाल कॅमेऱ्यापाशी वस्तीला आली आणि रोज भिंगावरून एक फेरी मारू लागली. रोज लाईन तपासायला चालत जाते म्हणून मास्तरांनी तिचं नाव गँगमन ठेवलं. अक्कांचं करायला येणारी पारव्वा पहिल्या दिवशी कॅमेरा बघून डोक्यावर पदर घेऊन वावरली. तिसऱ्या दिवशी गजरा माळून आली आणि टीव्हीसमोरचीच फरशी पुनःपुन्हा झाडू लागली. मास्तरांच्या वहीत नोंद आहे: 'पारव्वा, डाऊन, ६.५८. पारव्वा, अप, ७.१६.' सुनेच्या डोहाळजेवणाचा अर्धा भाग तिच्या पाठीमागे झाला.

मग शंटिंग सुरू झालं. जुन्या बॉक्समधला एकेक भाग टीव्हीवर लावायचा आणि कॅमेऱ्यानं तो नव्या डब्यात घ्यायचा. त्यातला एक दुपारी चारला अक्कांसमोर व्हायचा, बाकीचे नुसतेच. पंधरवडाभर मास्तरांचा टीव्ही सकाळपासून चालू. आमच्या घरात भिंतीतून एवढी रडारड यायची, की भेटायला आलेली माझी बहीण शेजारी कोण गेलं म्हणून विचारू लागली.

बॉक्स परत न्यायला माणूस येणार, त्याच्या आदल्या दिवशी मास्तर अक्कांना तपासणीसाठी घेऊन निघाले. किल्ली माझ्या हातात दिली. "साहेब, सगळ्या गाड्या नीट आल्यात का, एकदा तपासून ठेवा. उद्या बॉक्स गेला की संपलं."

मी बसलो आणि एकेक दिवस भराभर पळवत तपासू लागलो. कोपऱ्यात वेळ दिसते, त्यामुळे काम सोपं. सगळं ठीक होतं, पण रोज दुपारी साडेचारच्या आसपास चित्र अडकलेलं. टीव्हीतली सासू जागच्या जागी गोठलेली, एक हात वर, आणि तशीच पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोजचा एक भाग बिघडला असेल तर आता बॉक्स परत जायच्या आत दुरुस्त करायचा कसा? नेमकं काय होतंय बघायला मी एक दिवस साध्या वेगानं लावला आणि आवाज मोठा केला.

चित्राच्या खालच्या काठावर दोन डोकी दिसत होती. एक मास्तरांचं टक्कल, शेजारी उशांना टेकलेलं अक्कांचं पांढरं डोकं. मालिका शेवटाला आलेली. मास्तरांनी रिमोट उचलला, सासू गोठली. मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि अक्कांकडे वळून विचारलं, "महादेवी, मुंद एनात?"

पंख्याचा आवाज. बाकी काही नाही. मास्तर वाट बघत होते. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी, आणि हा तर घड्याळाशिवाय पाणी न पिणारा माणूस. दहा मिनिटं गेली. बारा. मग पंधरा झाली, बॉक्सची मुदत संपली आणि सासू आपोआप हलली, ओरडली, पुढचं सगळं सांगून मोकळी झाली. मास्तर रिमोट शोधत धडपडले. "थांब की रे! थांब! तिचं सांगायचं हाय अजून!"

ते बॉक्सवर ओरडत होते.

मी पुढचा दिवस लावला. त्याच्या पुढचा लावला. रोज तेच. एका दिवशी चौदाव्या मिनिटाला अक्कांचं डोकं उशीवरून किंचित उचललं गेलं. घशातून घरघर आली. काहीतरी येत होतं, अगदी येत होतं. आणि धाडकन मालिकेचं संगीत वाजलं. अक्का दचकल्या, त्यांचं डोकं पुन्हा उशीवर पडलं. मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि अक्कांचं पांघरूण सारखं केलं.

मला माझीच लाज वाटली. या माणसाच्या अकरा अटी मी आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. त्यातल्या दहा नसत्या तरी त्याचं भागलं असतं.

आणि मग एकदम डोक्यात आलं. मी नव्या डब्याचा रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि घरी गेलो. जेवलो. ही काय विचारत होती ते मला ऐकू येत नव्हतं. तास उलटून गेल्यावर परत आलो, तर सासू हात वर करून तशीच उभी, आणि तिच्या कपाळावर गँगमनची शेपटी, तीही तशीच. चोर कोण ते नीट बघता यावं म्हणून असेल, पण हा डबा एकदा थांबवला की आपल्या मनानं हलत नव्हता.

मास्तरांची रिक्षा आली. अक्कांना कॉटवर बसवल्यावर मी त्यांना म्हटलं, "मास्तर, अकरावी अट पास."

"किती येळ थांबतंय?"

"तुम्ही सोडेपर्यंत."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग एकदम ताठ झाले, वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "लेखी द्या."

मी लिहून दिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर महिना गेला असेल. एका रविवारी दुपारी हिनं शेंगाचटणी कुटली आणि वाटीभर मला घेऊन पिटाळलं. मास्तरांच्या दारात उभा राहून मी हळूच विचारलं, "लाईन क्लिअर आहे का?" हल्ली मलाही सवय लागली आहे. मास्तरांनी न बोलता हातानं बसायची खूण केली. मी वाटी मांडीवर घेऊन दाराशी टेकलो.

पडद्यावर तीच तिरकी सासू, हात उगारून थांबलेली. अक्का उशांना टेकून तिच्याकडे बघत होत्या. मास्तर अक्कांकडे बघत होते. समोरच्या चहावर साय धरली होती. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मला तर पाय अवघडून मुंग्या आल्या, पण हलायची हिंमत होईना.

मग मास्तरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. म्हणाले, "बरं. आज मी सांगतो, तू ऐक. सासूला विंचू चावला."

अक्कांनी मान वळवली. मास्तरांकडे पाहिलं. डाव्या हातानं कॉटची कड धरली, ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

"सु..." एवढंच आलं. मास्तर हलले नाहीत. मीही नाही. कोणीच कोणाला घाई केली नाही.

"सुळ्ळ," अक्का म्हणाल्या.

मास्तर पुढे झुकले. "आँ?"

"सुळ्ळ," अक्का परत म्हणाल्या, आणि डाव्या हातानं पदर ओढून त्यांनी तोंडाला लावला.

मास्तरांनी सवयीनं घड्याळ पाहिलं, वही ओढली आणि लिहायला लागले. अक्षर सुवाच्य आलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे साक्षीच्या सहीसाठी सरकवली. शेऱ्याच्या रकान्यात होतं, '४.५२. लाईन क्लिअर मिळाला.' मी सही केली, पण नीट दिसत नव्हतं, त्यामुळे ती मालगाड्यांच्या रकान्यात गेली.

वाटी तिथेच ठेवून मी निघालो. आत मास्तर कानडीत भराभर काहीतरी सांगत होते, बहुधा आणखी थापा, आणि मध्येच थांबून वाट बघत होते. सासू हात उगारून तशीच उभी होती. संध्याकाळी सात वाजून गेले तरी भिंतीपलीकडून सातच्या मालिकेचा आवाज आला नाही. त्या दिवशी सासूला सोडायची आठवण कोणालाच झाली नाही.